मांडवी का वगळली?

मुंबईतल्या ज्यू वारशाच्या पदयात्रेवरचा हा लेख छान आहे, पण काळा घोडा आणि भायखळा इथेच संपला की! तिथली दोन्ही सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) ससून घराण्याची, म्हणजे बगदादहून आलेल्या बगदादी ज्यूंची. देखणी आहेत, वादच नाही. पण कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातून आलेल्या, घरात मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंचं मुंबईतलं पहिलं सिनेगॉग मांडवीत आहे. सॅम्युएल दिवेकरांनी ते १७९६ मध्ये बांधलं, १८६० मध्ये आताच्या जागी आलं. ही मंडळी सिनेगॉगला 'मशीद'च म्हणायची. जवळच्या मस्जिद स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं, असं सांगतात.

आमच्या गाइडने 'तिकडे फार गर्दी असते' म्हणून मांडवी गाळली होती. मग एका रविवारी आम्ही दोघंच गेलो. हातगाड्या, 'बाजू, बाजू' ओरडणारे हमाल, मिरचीच्या ठसक्याने शिंकून बेजार! पण मजा आली.

आणि बेने इस्रायलींच्या मलिद्याचा, म्हणजे त्यांच्या प्रसादाचा, उल्लेख कसा नाही? आमच्या शेजारच्या काकू एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने करायच्या: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं. आम्हा पोरांना द्रोण भरून मिळायचा. पदयात्रेच्या शेवटी चहा-बिस्किटांऐवजी तो ठेवा ना!