माजी सैनिकाशी बोलताना

२६ जानेवारीला शाल-श्रीफळ द्यायचं आणि २७ तारखेपासून ओळखही दाखवायची नाही, हे आता बंद व्हायला हवं. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे माजी सैनिकाला काय बोललेलं आवडतं आणि काय लागतं, हे मी घरातच बघत आलेय.

आमच्याकडे साताऱ्यात दिसेल त्या फौजीला 'मेजर' म्हणतात. प्रेमानेच म्हणतात, पण हुद्दा विचारून घेतलेला बरा. शिपाई म्हणून भरती झालेला माणूस सुभेदार होतो तेव्हा त्यामागे वीस-पंचवीस वर्षांची नोकरी असते. 'नमस्कार सुभेदार साहेब' म्हणा, किंवा नुसतं 'जय हिंद' म्हणा. फोटोसाठी कडक सॅल्यूट ठोकायची काही गरज नाही. फौजेत सॅल्यूटला वर्दीचे नियम असतात, आपण हात जोडले तरी पोचतं.

मग विचारायचं काय? 'कुठली पलटण? पोस्टिंग कुठं कुठं झालं?' एवढं विचारा आणि गप्प बसून ऐका. बर्फात गोठलेलं रॉकेल, लंगरमधली डाळ, रद्द झालेली सुट्टी, सगळं आपोआप बाहेर येतं. पण 'किती जणांना उडवलं?' हे कधीही विचारू नका. आमच्याकडे एका पाहुण्यांनी जेवताना वडिलांना हेच विचारलं होतं, तेही पोरांसमोर. वडील पानावरून उठले नाहीत, पाहुण्यांना आग्रह करून भाकरी वाढायला लावली. पण नंतर रात्रभर कुणाशी एक अक्षर बोलले नाहीत. त्यांचे सोबती लढताना गेलेत हो! ती काय जेवताना चघळायची गोष्ट आहे?

आणि कृपा करून मिलिटरी कॅन्टीनची दारूची बाटली मागू नका. लग्न ठरलं, वास्तुशांत आली की लोकांना गावातला फौजी आठवतो. तो कोटा त्याच्या स्वतःसाठी असतो, वाटायला नसतो. नाही म्हटलं तर 'माज आलाय' आणि दिली तर नियम मोडला. कशाला त्या माणसाला या पेचात टाकायचं?

बरेचसे जवान पस्तिशी-चाळिशीतच पेन्शनवर येतात. पोरांची शिक्षणं व्हायची असतात, म्हणून दुसरी नोकरी धरतात. बँकेच्या दारात, कंपनीच्या गेटवर 'मेस्को'चे, म्हणजे राज्याच्या माजी सैनिक महामंडळाचे, जे सुरक्षारक्षक दिसतात ते माजी सैनिक असतात. त्यांना 'ए वॉचमन' म्हणून हाक मारताना मी सुशिक्षित माणसं ऐकलीत आणि अंगाचा तिळपापड झालाय. दादा म्हणा, काका म्हणा, जाता-येता रामराम करा. सत्कारसमारंभात पुढाऱ्याची वाट बघत त्यांना तीन-तीन तास उन्हात बसवण्यापेक्षा हे कितीतरी मोलाचं आहे.

७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला निधी जरूर द्या, तो माजी सैनिक आणि शहिदांच्या कुटुंबांसाठीच असतो.

त्या कुटुंबांबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय. १४ जानेवारी हा माजी सैनिक दिन. फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ साली त्याच तारखेला निवृत्त झाले होते. आणि आपली संक्रांतही त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी. ग्रामपंचायतीत 'वीरपत्नी' म्हणून जिला व्यासपीठावर बसवता, तिलाच त्या आठवड्यात गल्लीतल्या हळदीकुंकवाचं बोलावणं जात नाही. बायांनो, हे आपणच करतो. यंदा तिच्या घरी स्वतः जाऊन आमंत्रण द्या, आणि सासूबाई काही म्हणाल्या तर त्यांच्याशी भांडा.