"आकडे फिरवतात" या रिव्ह्यूला लॅबकडून उत्तर

नमस्कार. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. शनिवारी वडिलांना दोनदा सुई टोचावी लागली, अंगात ताप असताना बाकावर ताटकळावं लागलं, त्याबद्दल मनापासून सॉरी. पण "आधी 42 हजार पेशी दाखवल्या, मग कॅल्क्युलेटर घेऊन 1 लाख 90 हजार केल्या, पैशासाठी आकडे फिरवतात" हे वाचून गप्प बसवत नाही. पेशंटचा रिपोर्ट चव्हाट्यावर मांडू नये, मी मांडलाही नसता. आकडे तुम्हीच लिहिलेत म्हणून तेवढ्यापुरतंच बोलते.

42 हजार हा आमचा रिपोर्ट नव्हताच. मशीनमधून निघालेली ती कच्ची पट्टी होती. काउंटरवरची मुलगी फोन घ्यायला वळली, तेवढ्यात तुम्ही पट्टीचा फोटो काढलात आणि ॲडमिट करायची धावपळ सुरू केलीत. पट्टीवर माझी सही नसते. उलट प्लेटलेटच्या, म्हणजे तुम्ही म्हणता त्याच रक्त गोठवणाऱ्या पेशींच्या, गुठळ्या असाव्यात, असा इशारा मशीनने त्याच पट्टीवर छापला होता. तुमच्या फोटोत तोही असेल, बघा.

मशीन पेशी मोजतं ती मुख्यतः आकारावरून. पाच-पन्नास प्लेटलेट एकमेकींना चिकटल्या की मशीनच्या हिशेबात त्या प्लेटलेट राहत नाहीत. कधी कधी तर पांढऱ्या पेशींत जमा होतात. म्हणून काउंट असा घसरलेला दिसला की स्लाइड बघितल्याशिवाय मी सही करत नाही. थेंब काचेवर ओढायचा, वाळवायचा, लिशमनचा रंग द्यायचा, धुवायचा, परत वाळवायचा, मग तेल टाकून शंभरच्या लेन्सखाली घ्यायचा. घाई केली तर रंग धरत नाही. त्या स्लाइडच्या शेपटीला, जिथे थर सगळ्यात पातळ असतो, तिथे जांभळट ठिपक्यांचे नुसते पुंजके होते. डेंगीत पेशी खरोखर इतक्या उतरल्या की असे पुंजके दिसत नाहीत, लेन्सखाली एका नजरेत जेमतेम दोन-तीन सुट्या प्लेटलेट सापडतात.

हा सगळा खेळ जांभळ्या झाकणाच्या बल्बमधल्या, म्हणजे रक्त घेतो त्या नळीतल्या, ईडीटीए या रसायनाचा. रक्त गोठू नये म्हणून ते घातलेलं असतं, पण हजारातल्या एखाद्याच्या रक्तात अशी प्रतिपिंडं असतात की ईडीटीए लागताच प्लेटलेट गोळा होतात. शरीरात काही बिघडलेलं नसतं, बिघडतं ते बल्बमध्ये. म्हणून दुसऱ्यांदा रक्त घेतलं, निळ्या झाकणाच्या बल्बमध्ये; त्यात ईडीटीएऐवजी सिट्रेट असतं.

आता तो कॅल्क्युलेटर. निळ्या बल्बमध्ये सिट्रेटचं पाणी असतं, नऊ भाग रक्ताला एक भाग. रक्त तेवढं पातळ होतं, म्हणून आलेल्या आकड्याला 1.1 ने गुणतात. मशीनवर 1 लाख 73 हजार आले, गुणून 1 लाख 90 हजार. हा माझ्या मनाचा गुणाकार नाही, पॅथॉलॉजी शिकलेल्या कुणालाही विचारा. ते गणित काउंटरवर उभं राहून केलं हे खरं. लपवायचं असतं तर आत बसून केलं नसतं का?

आणि पैसे? पावती काढून बघा. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एक स्मिअर (काचेवरची स्लाइड), बस्स. दुसरा बल्ब आणि दुसरी स्लाइड फुकट केली. पैसेच कमवायचे असते तर 42 हजारांवर सही करून मोकळी झाले असते. तुम्ही सकाळ-संध्याकाळ काउंट करायला आला असतात आणि वडिलांना कदाचित नको असलेली प्लेटलेटची पिशवीही चढली असती.

"रिपोर्ट दुसऱ्या दिवशी दिला" असंही लिहिलंय. पीडीएफ त्याच रात्री 10:05 ला व्हॉट्सॲपवर गेली, निळ्या खुणाही आल्या. सकाळी दिला तो फक्त छापील कागद, तोही रविवार असून शटर उघडून. त्या मुलीला तुम्ही सगळ्यांसमोर काय काय बोललात ते इथे लिहीत नाही. आठ वाजता सुटणारी ती पोर तुमच्यासाठी दहापर्यंत थांबली होती.

कच्ची पट्टी काउंटरवर राहू नये याकडे लक्ष देतोय, बसायच्या जागेचंही काहीतरी बघतो.

एक मात्र करा. रिपोर्टच्या तळाशी मी ईडीटीएबद्दल लिहिलेला शेरा वडिलांच्या फाईलमध्ये नीट ठेवा. पुढे कुठल्याही लॅबमध्ये त्यांच्या प्लेटलेट बघायच्या असतील तर तो आधी दाखवा, नाहीतर पुन्हा हेच होईल. दोन्ही स्लाइड ठेवल्या आहेत; संध्याकाळी सहानंतर या, मायक्रोस्कोपखाली स्वतः बघा. स्टार एकच ठेवायचा तर ठेवा, पण "आकडे फिरवतात" एवढे दोन शब्द काढा. गाव लहान आहे, लोक रिव्ह्यू वाचून येतात.

लॅबच्या संचालिका व पॅथॉलॉजिस्ट