बद्द वाजणारी बरणी

रविवारी सकाळी दूध आणायला म्हणून निघालो आणि मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात पोचलो, आता हे कसं झालं ते विचारू नका, बुधवार-रविवार माझी गाडी आपोआप तिकडेच वळते. गेले तीन महिने व्हिडिओ बघून सिरॅमिक्सचा अभ्यास चाललाय. माठ कमी आचेवर भाजतात म्हणून तो झिरपतो आणि पाणी गार राहतं, पण लोणच्याची बरणी म्हणजे स्टोनवेअर, ती १२०० अंशांच्या आसपास भाजली की माती आतून घट्ट होते, मीठ-आंबट काही पीत नाही. आणि बुडाला ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा चकचकीत थर, का नसतं माहितीय? असतं तर भट्टीतच चिकटून बसली असती ना! (हे मी बायकोला रात्री साडेअकराला सांगितलं, तिने लाईट बंद केला.)

तर तिथे दहा किलोची बरणी दिसली, वर ब्राउन, खाली क्रीम. "साहेब, पेशव्यांच्या वाड्यातली आहे." त्या वाड्यातून बाजारात इतका माल आलाय की पेशवे झोपायचे कुठे कोण जाणे. मी तज्ज्ञासारखी बरणी उलटी केली, आतून दोन स्क्रू आणि एक मेलेलं झुरळ पडलं, बुडावर बोट फिरवलं, टिचकी मारली. शेजारचा माणूस रेडिओ फुल व्हॉल्यूमवर लावून दाखवत होता, तरी मला चक्क "टण्ण" ऐकू आलं. अठराशेची साडेसतराशेला आणली.

"दूध?" बायको.

मी म्हटलं, अगं सॅक्सनीच्या ऑगस्टस राजाने १७१७ मध्ये ६०० घोडेस्वार प्रशियाला देऊन पोर्सेलीनचे, म्हणजे उंची चिनी मातीच्या भांड्यांचे, १५१ नग घेतले, त्यापुढे माझे साडेसतराशे काय!

"त्याने निदान घरातली गर्दी तरी कमी केली."

आईने एकदाच बोटाच्या पेराने वाजवली. "बद्द वाजतेय रे."

"अगं ते क्रेझिंग आहे, ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसतं म्हणून वर जाळी पडते, नुसती वरवरची..."

तिने ऐकलंच नाही. बरणी पाण्याने भरली, पेपरवर ठेवली आणि झोपायला गेली. सकाळी राशिभविष्यापासून शब्दकोड्यापर्यंत सगळं चिंब. "लोणचं घातलं असतंस तर सगळा खार ओट्यावर!"

आता ती दाराशी असते, छत्र्या ठेवायला. ओल्या छत्रीचं पाणी आपोआप निघून जातं, आई म्हणाली बरी सोय झाली.