अर्ध्या तासाचं अंतर पुरत नाही

"आयुर्वेदिक आणि अ‍ॅलोपॅथिक औषधांत अर्ध्या तासाचं अंतर ठेवा, काही होत नाही." हे वाक्य डॉक्टर सांगतात, मेडिकलवाले सांगतात, शेजारच्या काकूही तितक्याच खात्रीने सांगतात. माझं स्पष्ट मत आहे की हा सरसकट नियम सांगणं आता बंद झालं पाहिजे. जिथे अंतर ठेवून काम भागतं, तिथे अर्धा तास बहुतेक वेळा कमी पडतो. आणि जिथे जिवाला खरा धोका असतो, तिथे सकाळ-संध्याकाळ इतकं अंतर ठेवलं तरी फरक पडत नाही.

औषध, पूरक गोळ्या आणि खाणं यांची गाठ शरीरात तीन ठिकाणी पडते. एक, पोटात आणि आतड्यात, म्हणजे औषध रक्तात जाण्याआधी. दोन, आतड्याच्या भिंतीतल्या आणि यकृतातल्या एंझाइमपाशी, जिथे औषध मोडलं जातं. तीन, प्रत्यक्ष परिणामात, म्हणजे दोन्ही गोष्टी बीपी, साखर, पोटॅशियम किंवा रक्त गोठणं एकाच दिशेने ढकलतात तेव्हा. घड्याळ प्रामुख्याने पहिल्या ठिकाणी कामाला येतं.

सुरुवात त्या पहिल्या ठिकाणापासून करू. थायरॉइडची गोळी, म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, कॅल्शियम आणि लोहाला आतड्यातच चिकटते आणि शोषली न जाता बाहेर पडते. म्हणून ती उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची, चहा-कॉफी आणि नाश्ता अर्ध्या ते एका तासानंतर, आणि कॅल्शियम, लोह किंवा पित्तावरचं पातळ औषध किमान ४ तासांनंतर. सोयाबीनचं दूध किंवा प्रोटीन पावडर घेणाऱ्यांनीही ती थायरॉइडच्या गोळीच्या जवळपास घेऊ नये. घरात बसणारं वेळापत्रक असं: सकाळी ६ ला थायरॉइड, ७ ला चहा-नाश्ता, दुपारच्या जेवणाबरोबर कॅल्शियम कार्बोनेट (ते जेवणासोबतच नीट शोषलं जातं), आणि लोहाची गोळी रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांनी, झोपताना. लोह संध्याकाळी पाचला घेऊ नका. तेव्हा आपल्याकडे चहा असतो आणि चहातली टॅनिन्स लोहाला अडवतात. लोह आणि कॅल्शियमही एकत्र नकोत. गरोदर बाईला दोन्ही गोळ्या एकदम हातात मिळतात, त्यांत किमान दोन तासांचं अंतर हवं, हे तिथेच सांगितलं गेलं पाहिजे.

हे पाळलं नाही तर काय होतं? टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) वाढलेला दिसतो, डॉक्टर ७५ ची गोळी १०० करतात, मग १२५. काही महिन्यांनी कॅल्शियमचा कोर्स संपतो आणि तीच १२५ आता पूर्ण शोषली जाऊ लागते. धडधड, हातांना कंप, वजन उतरणं, आणि वयस्कर माणसात हृदयाचा ठोकाच अनियमित होणं. दोष गोळीचा नसतो, दोन डब्या एकाच वेळी उघडल्याचा असतो.

लघवीच्या संसर्गावर दिली जाणारी सिप्रोफ्लॉक्सासिन दुधाबरोबर घेऊ नका. कॅल्शियम, लोह, झिंक किंवा अँटासिडच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्या. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालल्यावर लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी मुंबई-कोकणात डॉक्सिसायक्लिन दिली जाते. तीही लोहाबरोबर नको, आणि ग्लासभर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जखम होते. इसबगोल घेणाऱ्यांनी बाकीच्या गोळ्या त्याच्यापासून दोन तास लांब ठेवाव्यात. इतकं पाळलं की पहिल्या ठिकाणचा बहुतेक प्रश्न मिटतो.

आता दुसरं ठिकाण. इथे अंतराचा उपाय लंगडा पडतो.

१९८९ मध्ये कॅनडात फेलोडिपिन या बीपीच्या गोळीवर दारूचा काय परिणाम होतो ते तपासत होते. दारूची चव कळू नये म्हणून ती ग्रेपफ्रूटच्या रसात मिसळली होती, आणि रक्तातलं औषध अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघालं. करणी त्या रसाची होती. त्यातली फ्युरॅनोकुमरिन नावाची द्रव्यं आतड्याच्या भिंतीतलं औषध मोडणारं एंझाइम कायमचं बंद पाडतात. शरीर नवं एंझाइम तयार करतं, पण त्याला एक ते तीन दिवस लागतात. म्हणून सकाळी फळ आणि रात्री गोळी ही युक्ती चालत नाही.

ग्रेपफ्रूट आपल्याकडे फारसं कोणी खात नाही, पण पपनस खातात, आणि त्यातही याच जातीची द्रव्यं असतात. गणपतीच्या दिवसांत कोकण-गोव्यात ते घराघरात असतं. माटोळीला, म्हणजे गणपतीवरच्या फळा-पानांच्या मांडवीला, बांधलेलं पपनस नंतर सोलून वाटलं जातं. किडनी प्रत्यारोपण झालेल्या आणि टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन चालू असलेल्या माणसाने ते खाऊ नये, प्रसाद म्हणून एक फोडही नको. कोलेस्टेरॉलसाठी सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांनी टाळावं, अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनवाल्यांनी रोज भरपूर खाऊ नये. बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिनवर परिणाम किरकोळ असतो, त्यासाठी घाबरायचं कारण नाही. मोसंबी आणि गोड संत्रं या बाबतीत निर्धोक आहेत.

फळापेक्षा मोठा प्रश्न गजकर्णाच्या गोळीचा आहे. इट्राकोनॅझोल गेल्या काही वर्षांत फार मोठ्या प्रमाणावर लिहिलं जातं, कित्येक आठवडे चालतं, आणि पुष्कळ जण ते जुन्या चिठ्ठीवर स्वतःच पुन्हा आणतात. ते तेच एंझाइम रोखतं, आतड्यातही आणि यकृतातही. सिमव्हास्टॅटिनबरोबर ते चालतच नाही. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन चालू असेल तर डोस कमी करायचा, गोळी बदलायची की तेवढे दिवस थांबवायची, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं. मांड्या-खांदे दुखणं, अशक्तपणा आणि कोऱ्या चहासारखी लघवी म्हणजे स्नायू विरघळू लागल्याची खूण. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. अँटिबायोटिकमध्ये हीच भीती क्लॅरिथ्रोमायसिनची आहे, अझिथ्रोमायसिनची जवळजवळ नाही.

याच चिठ्ठीवर बहुतेक वेळा पित्ताची गोळीही असते, आणि तिथे दोन चुका एकत्र होतात. इट्राकोनॅझोलच्या नेहमीच्या कॅप्सूलला विरघळायला पोटात आम्ल लागतं. पँटोप्राझोल ते आम्ल दिवसभर कमी ठेवतं, म्हणजे महिनाभर महागडी कॅप्सूल खाऊनही गजकर्ण हटत नाही. आणि पित्ताच्या गोळीच्या नावापुढे डी किंवा डीएसआर असेल तर तिच्यात डोम्पेरिडोन आहे. डोम्पेरिडोन आणि इट्राकोनॅझोल, फ्लुकोनॅझोल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन एकत्र आले की हृदयाची लय बिघडू शकते. "अँटिबायोटिकने पोट बिघडतं" म्हणून ही गोळी सवयीने जोडून देणं मला अजिबात पटत नाही.

टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन उलट्या दिशेने जातं. ते एंझाइम वाढवतं, त्यामुळे बाकीची औषधं भराभर मोडली जातात. गर्भनिरोधक गोळ्या निकामी होतात. त्या काळात तांबी किंवा दुसरं साधन हवं. स्टेरॉइड, साखरेची ग्लिमेपिराइड, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, काही एचआयव्हीची औषधं, सगळ्यांचा जोर उतरतो. त्याच उपचारातल्या आयसोनियाझिडचं थोडक्यात: बर्फात नीट न ठेवलेला बांगडा किंवा कुपा खाल्ल्यावर तोंड लाल होणं, डोकं ठणकणं, धडधड असं झालं तर ते माशातल्या हिस्टामिनमुळे असतं. हे औषध शरीराला ते मोडू देत नाही. उपचार चालू असेपर्यंत हे मासे टाळलेले बरे.

मिरीतलं पायपरिन फेनिटॉइनसारख्या फिटच्या औषधाची रक्तातली पातळी वाढवतं. फोडणीतल्या मिरीची चिंता नको. पण त्रिकटू (सुंठ, मिरी, पिंपळी) चूर्ण किंवा हळदीच्या अर्काच्या "पायपरिनयुक्त" कॅप्सूल रोज घेणं वेगळं. ते पायपरिन तिथे शोषण वाढवण्यासाठीच घातलेलं असतं, आणि ते फक्त हळदीचंच वाढवेल असं नाही.

तिसरं ठिकाण मला सगळ्यात जास्त काळजीचं वाटतं, कारण इथे "औषध" म्हणून कुणी मोजतच नाही अशा गोष्टी असतात. बीपी-हृदयासाठीच्या टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन या गोळ्या शरीरात पोटॅशियम धरून ठेवतात. त्यात किडनी थोडी मंद असेल, बीपीसाठी म्हणून कमी सोडियमचं मीठ आणलं असेल आणि उन्हाळ्यात रोज शहाळं चालू असेल, तर पोटॅशियम तिन्हीकडून चढतं. कमी सोडियमच्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं, पाकिटामागे लिहिलेलं असतं, कुणी वाचत नाही. एका मोठ्या शहाळ्यातून सहज अर्धा ग्रॅम पोटॅशियम जातं. रक्तात ते साधारण ३.५ ते ५ असावं, ५.५ च्या वर डॉक्टरांना कळवायचं, ६ च्या वर ते आणीबाणीचं असतं, आणि पुष्कळदा आधी काहीच लक्षण दिसत नाही. सैंधवाबद्दल एवढंच: तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे, बीपीला ते वेगळं ठरत नाही.

ज्येष्ठमधाचं उलटं. त्यातलं ग्लिसिरायझिन बराच काळ रोज घेतलं की शरीर मीठ-पाणी धरतं, बीपी चढतं आणि पोटॅशियम घसरतं. सोबत लघवी वाढवणारी क्लोरथॅलिडोन किंवा फ्युरोसेमाइड असेल तर आणखी घसरतं, आणि हृदयाची डिगॉक्सिन असेल तर हृदयाला थेट धोका. घसा बसला म्हणून दोन दिवस काडी चघळण्याबद्दल मी बोलत नाही. महिनोन् महिने रोजच्या काढ्यात ते असण्याबद्दल बोलतो आहे.

साखरेच्या गोळ्यांसोबत कारल्याचा रस, मेथीचूर्ण, गुडमार, जांभळाच्या बियांची पूड. एकट्या मेटफॉर्मिनवर साखर फारशी धोकादायक खाली जात नाही, पण ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनवर जाते, आणि चतुर्थी-एकादशीच्या उपवासाला तर नक्की सांभाळावं. ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चमचे, पाण्यातून, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. बीपीची प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर धडधड आणि थरथर जाणवत नाही, फक्त घाम फुटतो. घामावर लक्ष ठेवा.

बीपीची सार्टन गट किंवा रॅमिप्रिलची गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक किंवा असेक्लोफेनॅक, हे त्रिकूट किडनी बंद पाडू शकतं, विशेषतः जुलाब-उलट्यांत. "शुद्ध वनस्पती" म्हणून विकल्या जाणाऱ्या सांधेदुखीच्या पुड्यांत स्टेरॉइड आणि वेदनाशामकं, तर शक्तिवर्धक कॅप्सूलमध्ये सिल्डेनाफिल मिसळलेलं सापडलेलं आहे. छातीत दुखल्यावर जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्याने सिल्डेनाफिल घेतलं असेल तर २४ तास आणि टॅडालाफिल घेतलं असेल तर ४८ तास ती गोळी चालत नाही, बीपी कोसळतं. इमर्जन्सीतल्या डॉक्टरांना हे लाज न बाळगता सांगा.

रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिन आणि अ‍ॅसेनोकुमरॉलवाल्यांना "पालेभाजी बंद" सांगणं चूक आहे. पालक, मेथी, अळू, माठ, शेवग्याचा पाला खा, पण आठवड्याचं प्रमाण सारखं ठेवा. श्रावणात रोज पालेभाजी आणि भाद्रपद संपला की अजिबात नाही, असं केलं की आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणारी तपासणी) खालीवर होतो. मेट्रोनिडाझोल, फ्लुकोनॅझोल किंवा सल्फाची गोळी सुरू झाली की तीन ते पाच दिवसांत आयएनआर तपासा. अ‍ॅपिक्साबॅन, डॅबिगॅट्रान या नव्या गोळ्यांना भाजीचं पथ्य नाही, रिफाम्पिसिनचं मात्र आहे.

मग तपासायचं कसं? घरातलं सगळं एका पिशवीत काढा: गोळ्या, चूर्ण, काढा, प्रोटीन पावडर, मुलांनी अमेरिकेतून पाठवलेल्या बाटल्या, डोळ्यांचे थेंबही. कागदावर ब्रँडचं नाव नको, पाकिटामागचं मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहा. नावापुढची अक्षरं सोडू नका: बीपीच्या गोळीत एएम म्हणजे सहसा अ‍ॅम्लोडिपिन, एच म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, सीटी म्हणजे क्लोरथॅलिडोन. एकच औषध दोन ब्रँडमधून चालू असल्याचं इथेच उघड होतं. पुढे वेळ, कधीपासून, कुणी दिलं, आणि शेवटचं क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) व पोटॅशियम. फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा.

इंटरनेटवरच्या तपासणी साधनांत हीच मूळ नावं टाका. आपले ब्रँड त्यांना कळत नाहीत. ती डझनभर इशारे देतात, त्यातले "गंभीर" तेवढे घेऊन फार्मासिस्ट किंवा डॉक्टरांकडे जा आणि परस्पर काही बंद करू नका. वनस्पतीच्या नावासमोर काहीच आलं नाही तर त्याचा अर्थ माहिती नाही एवढाच, सुरक्षित असा नाही. केसांसाठी ५-१० मिलिग्रॅम बायोटिन घेत असाल तर थायरॉइडच्या रक्ततपासणीआधी किमान दोन दिवस थांबवा. ते काही प्रयोगशाळांच्या पद्धतीत टीएसएच खोटा कमी दाखवतं, आणि हार्ट अ‍ॅटॅकची ट्रोपोनिन तपासणीही खोटी नॉर्मल येऊ शकते. त्रास झालाच तर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री क्रमांक आहे. रुग्णही कळवू शकतात.

आणि ही यादी नवं औषध सुरू होताना काढतात तशीच जुनं बंद होतानाही काढा. टीबीच्या उपचारात वॉरफेरिनचा डोस वाढवलेला असतो. उपचार पूर्ण होऊन रिफाम्पिसिन थांबलं की दोनेक आठवड्यांत वाढलेलं एंझाइम ओसरतं आणि तोच डोस रक्तस्रावाइतका जास्त ठरतो. म्हणून शेवटची टीबीची गोळी कधी आहे ती तारीख हृदयाच्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा, आणि त्यानंतर महिनाभर दर आठवड्याला आयएनआर करा.