कोस्टा रिकाचं सैन्य आणि अमेरिकेची छत्री : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल मनापासून आभार. इतर वाचकांसाठी तुमचे आक्षेप आधी थोडक्यात मांडतो. मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका या देशाने सैन्य बरखास्त केलं याचं मी माझ्या लेखात भरभरून कौतुक केलं. पण तुमच्या मते अमेरिकेची छत्री डोक्यावर आहे म्हणूनच त्या देशाला ही चैन परवडते. तिथली अर्थव्यवस्था म्हणजे केळी, कॉफी आणि डॉलर घेऊन येणारे पर्यटक. संस्कृतीचा भाग पर्यटन खात्याच्या पत्रकासारखा झालाय. आणि आज तिथे कोकेनच्या टोळ्या भर रस्त्यात माणसं मारताहेत, ते मी एका वाक्यात उरकलं. शेवटी तुम्ही विचारलंय की पन्नास लाख वस्तीच्या देशाकडून आपण शिकायचं तरी काय.

छत्रीपासूनच सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

मध्य अमेरिकेत अमेरिकेची छत्री एकट्या कोस्टा रिकावर नव्हती. ग्वाटेमालावर होती, होंडुरासवर होती, एल साल्वादोरवर होती. निकाराग्वात सोमोसा घराण्याने ज्या नॅशनल गार्डच्या जोरावर चार दशकं राज्य केलं, ते गार्ड तर अमेरिकेनेच उभं करून दिलेलं. या सगळ्या देशांकडे सैन्य होतं. त्याने काय केलं? ग्वाटेमालात १९५४ साली निवडून आलेलं सरकार उलथलं आणि पुढे ३६ वर्षांच्या यादवीत सुमारे दोन लाख माणसं मेली. एल साल्वादोरच्या यादवीत सुमारे ७५ हजार गेली. होंडुरासमध्ये तर अलीकडे, २००९ सालीही, सैनिकांनी राष्ट्राध्यक्षाला झोपेतून उठवून विमानात घालून देशाबाहेर काढलं. छत्री सगळ्यांवर तीच असताना एकच देश कोरडा राहिला असेल, तर कारण छत्रीत नाही, दुसरीकडे शोधायला हवं.

ते कारण १९४८ मध्ये सापडतं. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत ओतिलिओ उलाते राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकले. संसदेत माजी राष्ट्राध्यक्ष काल्देरोन ग्वार्दिया यांच्या बाजूचं बहुमत होतं. तिने निकालच रद्द केला. होसे फिगेरेस नावाचा शेतमालक बंदुका जमवून उठला. मार्च-एप्रिलमधल्या ४४ दिवसांच्या लढाईत साधारण दोन हजार माणसं मेली. फिगेरेस जिंकला आणि १ डिसेंबर १९४८ रोजी सान होसेतल्या बेयाविस्ता बराकीच्या भिंतीवर त्याने घणाचा घाव घातला. तोच दिवस सैन्य बरखास्तीचा म्हणून आजही पाळतात. त्या बराकीत आता राष्ट्रीय संग्रहालय आहे आणि बुरुजांवर गोळ्यांचे खड्डे तसेच ठेवलेत.

हा प्रसंग संतपणाचा होता असं मी म्हणालो नाही आणि म्हणणारही नाही. फिगेरेसपुढे व्यवहार होता. जुनं सैन्य हरलेल्या बाजूचं, तिजोरी रिकामी, आणि उद्या कुठला सेनापती आपल्यालाच उलथवेल ही भीती अगदी खरी. ती किती खरी होती ते चारच महिन्यांत दिसलं. एप्रिल १९४९ मध्ये त्याच्याच सरकारातला सुरक्षामंत्री एदगार कार्दोना बराकी ताब्यात घेऊन बंड करून बसला. ते मोडलं, पण त्या वेळी घटना समितीचं काम चालू होतं आणि तिच्या सदस्यांनी हे डोळ्यांसमोर पाहिलं. खडं लष्कर ही संस्थाच नको असं सांगणारं कलम १२ त्याच समितीने नोव्हेंबर १९४९ च्या घटनेत घातलं. फिगेरेसच्या राजवटीत काळे डागही आहेत: कम्युनिस्ट पक्षावर बंदी आली, आणि १९४८ च्या डिसेंबरात कोदो देल दियाब्लो इथे सहा कैद्यांना गोळ्या घालण्यात आल्या. तरीही दोन गोष्टींसाठी मी त्याला मानतो. अठरा महिन्यांनी त्याने सत्ता उलाते यांच्याकडे सोपवली. उलाते त्याच्या पक्षाचे नव्हते, पण निवडणूक त्यांनी जिंकली होती. आणि शत्रूने उभारलेलं चांगलं काम त्याने पाडलं नाही. काल्देरोनने १९४१ साली सुरू केलेली सामाजिक विमा संस्था, जिला लोक नुसतं ‘काहा’ म्हणतात, आणि १९४३ चा कामगार कायदा, दोन्ही त्याने ठेवले. वर बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं आणि विजेसाठी सरकारी संस्था काढली.

आपल्याकडे सत्ता बदलली की आधीच्यांच्या योजनांच्या पाट्या आधी बदलतात. म्हणून मला हा भाग सैन्याच्या बरखास्तीपेक्षाही मोठा वाटतो.

आता अमेरिकेकडे येऊ. तुमचं म्हणणं निराधार नाही. डिसेंबर १९४८ मध्ये आणि पुन्हा जानेवारी १९५५ मध्ये निकाराग्वातून सशस्त्र टोळ्या घुसल्या, तेव्हा अमेरिका खंडातल्या देशांच्या संघटनेने हस्तक्षेप केला. दुसऱ्या वेळी अमेरिकेने चार मस्टँग विमानं प्रत्येकी एका डॉलरला दिली. १९८० च्या दशकात निकाराग्वाच्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या काँट्रांसाठी कोस्टा रिकाच्या उत्तरेला अमेरिकनांच्या आशीर्वादाने गुप्त धावपट्टी तयार झाली होती. पण पुढचं वाचा. १९८६ मध्ये ऑस्कर आरियास सत्तेवर आले आणि त्यांनी ती धावपट्टी बंद करायला लावली. दुसऱ्या वर्षी त्यांनी मांडलेल्या शांतता योजनेवर पाच देशांच्या राष्ट्राध्यक्षांनी सह्या केल्या. ही योजना रेगन सरकारला मुळीच पसंत नव्हती. आश्रिताला इतकी हिंमत होते का?

आणखी एक प्रसंग मूळ लेखात यायला हवा होता असं वाटतं, इतका तो बोलका आहे. २००३ मध्ये अमेरिकेने इराकवर चढाई केली तेव्हा पाठिंबा देणाऱ्या देशांच्या यादीत कोस्टा रिकाचं नाव आलं. सैनिक पाठवायचा प्रश्नच नव्हता, नुसता नैतिक पाठिंबा. कायद्याचा एक विद्यार्थी उठला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठात गेला: आपल्या राज्यघटनेने शांततेचा मार्ग पत्करलाय, तेव्हा सरकारला असा पाठिंबा देता येत नाही. सप्टेंबर २००४ मध्ये घटनापीठाने त्याचं म्हणणं मान्य केलं आणि त्या यादीतून देशाचं नाव काढून घ्यायला सरकारला सांगितलं. तिथे या पीठाकडे दाद मागायला वकील लागत नाही, फी लागत नाही. हाताने लिहिलेला कागदही चालतो. विद्यार्थ्याच्या अर्जावरून देशाचं परराष्ट्र धोरण सुधारतं, याला मी सैन्य नसलेल्या देशाचं संरक्षण म्हणतो.

शेजाऱ्याशी भांडणही त्यांनी याच वाटेने लढवलं. २०१० मध्ये निकाराग्वाचे सैनिक सीमेवरच्या सान हुआन नदीच्या मुखाजवळ दलदलीच्या पट्ट्यात उतरले आणि कालवे खणू लागले. कोस्टा रिका हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. डिसेंबर २०१५ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला, आणि २०१८ मध्ये तोडलेली झाडं आणि खणलेली जमीन यांची भरपाई निकाराग्वाने द्यावी असा आदेश झाला. पर्यावरणाच्या नुकसानीची भरपाई त्या न्यायालयाने ठरवून दिली ती पहिल्यांदाच. सगळ्या सीमा अशा सुटतात असा माझा दावा नाही. भारताने सैन्य काढावं असं तर मी कुठेच लिहिलेलं नाही. लडाखची सीमा आणि सान हुआन नदी यांची तुलना मला मान्य नाही.

अर्थव्यवस्थेबद्दल तुमचं चित्र तीस वर्षांपूर्वीचं आहे. आज कोस्टा रिकाची सगळ्यात मोठी निर्यात म्हणजे वैद्यकीय उपकरणं: कॅथेटर, हृदयाच्या झडपा, शस्त्रक्रियेचं साहित्य. १९९० च्या दशकाच्या अखेरीस इंटेलचा कारखाना आला, २०१४ मध्ये चिप जोडण्याचं काम आशियात गेलं, पुढे काही परत आलं. दरम्यान करमुक्त औद्योगिक क्षेत्रांत इतर कंपन्यांनी जम बसवला. हे जमलं कारण शिकलेले, धडधाकट कामगार तयार होते. प्राथमिक शिक्षण तिथे १८६९ पासून मोफत आणि सक्तीचं आहे. काहाचे आरोग्य कर्मचारी वस्त्यांतून घरोघर फिरून लसीकरणाची, रक्तदाबाची नोंद ठेवतात, आणि सरासरी आयुर्मान ८० च्या आसपास आहे.

मात्र तुम्ही जिथे बोट ठेवायला हवं होतं तिथे ठेवलं नाही, म्हणून मीच ठेवतो. या करमुक्त क्षेत्रांच्या भिंतीबाहेरचा देश मागे पडत चाललाय. श्रीमंत देशांच्या ओईसीडी गटात कोस्टा रिका २०२१ मध्ये गेला आणि त्या गटातल्या सर्वांत जास्त विषमता असलेल्या देशांपैकी तो एक आहे. अननसाचं घ्या. ताज्या अननसाच्या निर्यातीत हा देश जगात पहिला. सिकिर्रेस भागातल्या मिलानो, एल काइरो अशा गावांच्या पाण्यात अननसाच्या मळ्यांमधलं ब्रोमासिल हे तणनाशक उतरलं आणि तिथल्या माणसांना वर्षानुवर्षं टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागले. टँकर म्हणजे काय हे मराठवाड्यातल्या वाचकाला सांगायला नको. फरक एवढाच की तिथे पाऊस भरपूर, विहिरी भरलेल्या, आणि पाणी पिता येत नाही. कार्तागोजवळच्या सिप्रेसेसमध्येही भाजीपाल्यावर मारायच्या क्लोरोथॅलोनिल या बुरशीनाशकाने तेच झालं. गावकरी लढले, आणि २०२३ मध्ये त्यावर बंदी आली. जंगलं परत आणल्याबद्दल जगभर शाबासकी मिळवणाऱ्या देशात हे घडतं याचा मला राग येतो.

संस्कृतीबद्दलचा तुमचा आक्षेप मला लागला. लेखात मी कार्तागोच्या देवीच्या यात्रेचं लिहिलं, २ ऑगस्टला लाखो माणसं पायी जातात. वारी माहीत असलेल्या वाचकाला ते भावणार हे मला ठाऊक होतं. पण मधल्या खोऱ्यातल्या गोऱ्या-मिश्र कोस्टा रिकाच्या पलीकडे, कॅरिबियन किनाऱ्यावर, लिमोन प्रांत आहे. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आणि केळीच्या मळ्यांसाठी जमैकातून माणसं आणली गेली. त्यांची मुलं तिथेच जन्मली, इंग्रजी बोलीत बोलली, कॅलिप्सो गायली, नारळाच्या दुधात भात-राजमा शिजवत राहिली आणि १९४९ पर्यंत बहुतेकांना नागरिकत्व नव्हतं. ज्या घटनेने सैन्य काढलं तिच्याच वर्षात या माणसांना, आणि देशातल्या सगळ्याच बायकांना, मतदानाचा हक्क मिळाला.

आणि आज कोकेनच्या टोळ्या सर्वाधिक पोरं कुठून उचलतात? याच लिमोनमधून. २०२३ मध्ये देशात ९०० हून जास्त खून झाले, इतिहासातला उच्चांक. दक्षिणेकडून येणारा माल मोईन बंदरातल्या फळांच्या कंटेनरमधून युरोपला जातो, आणि त्याच्या वाटणीवरून गोळ्या झाडल्या जातात. सैन्य असतं तर हे थांबलं असतं, असं तुम्ही सुचवता. मेक्सिकोने २००६ पासून सैन्य रस्त्यावर उतरवलं, होंडुरासनेही उतरवलं. तिथली परिस्थिती आपल्यापुढे आहे. कोस्टा रिकाच्या घटनेत शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ८ टक्के खर्च करायचं बंधन लिहिलंय. गेली काही वर्षं खर्च ६ टक्क्यांच्याही खाली आहे. काहाचे पैसे सरकारकडे थकलेत आणि शस्त्रक्रियेसाठी लोक महिनोन्महिने रांगेत आहेत. शिवाय काहाच्याच उपकरण खरेदीतल्या घोटाळ्यात २००९ साली माजी राष्ट्राध्यक्ष काल्देरोन फोर्निएर यांना शिक्षा झाली. ज्याने काहा उभी केली त्या काल्देरोनचा हा मुलगा. शाळा सोडलेल्या लिमोनच्या पोराला टोळी पगार देते, सरकार काही देत नाही. १९४९ च्या घटनेचा हा दोष नाही. तिच्यातलं जे पाळायचं होतं ते पाळलं नाही, त्याचा आहे.

राहिला पन्नास लाखांच्या देशाचा प्रश्न. पन्नास लाख म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढी माणसं. नाशिक किंवा अहिल्यानगरमधल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काय चालतं आणि काहाच्या वस्तीपातळीवरच्या दवाखान्यात काय चालतं, ही तुलना मला रास्त वाटते. तुम्ही लिहिलंय की तुम्ही आरोग्य खात्यात नोकरी केलीय. माझ्यापेक्षा ही तुलना तुम्हाला नेमकी करता येईल. कराल तर आनंदाने छापेन, माझ्या विरोधात गेली तरी.