‘दात मोजा, प्रश्न कशाला विचारता?’ : एका फिरत्या मेसेजला उत्तर

सोलापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. तोंडाच्या दुखण्याचा जगण्यावर काय परिणाम होतो हे मोजणाऱ्या प्रश्नावल्या म्हणजे थोतांड, असं त्यात म्हटलंय. त्यातले मुद्दे चार. तीन साफ चुकीचे आहेत, एक अर्धा खरा.

‘किडलेले दात मोजले की पुरे.’

ती मोजणी होतेच. किडलेले, किडीने गेलेले आणि भरलेले दात यांची बेरीज करतात. पण सिमेंट भरून झकास चाललेली दाढ आणि उपटून टाकलेली दाढ, या बेरजेत दोघींना सारखाच एक गुण. समोरचा दात पडला काय आणि मागची दाढ पडली काय, आकडा तोच.

माव्याच्या, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाच्या, बाबतीत तर ही बेरीज पार आंधळी. पंचविशीतला एखादा पोरगा घ्या. बत्तिशी शाबूत, कीड नाही, बेरीज शून्य. पण सुपारीमुळे गालाच्या आतल्या अस्तराखाली तंतू साठून कडक पट्टे झालेत, तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही, तिखट लागलं की आग होते. कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या गावात हा दूधभात कालवून खातो. या सबम्यूकस फायब्रोसिसमधून पुढे कॅन्सर होऊ शकतो, तरी दात मोजणाऱ्याच्या वहीत पोरगा ठणठणीत! ‘खाताना त्रास होतो का?’ एवढं विचारलं असतं तरी तो सापडला असता.

हे फक्त माव्यापुरतं नाही. थायलंडमधल्या खोन केन प्रांतातल्या १६ खेड्यांत ३५ ते ४४ वयाच्या ५०१ लोकांना तपासलं होतं. १९९६ साली तो अभ्यास छापून आला. वर सांगितलेली बेरीज तिथे माणशी सरासरी २.७, म्हणजे कमीच. तरीही मागच्या सहा महिन्यांत खाणं, हसणं, मनःस्थिती अशा रोजच्या एखाद्या तरी गोष्टीत तोंडामुळे अडचण आलेले लोक निघाले ७३.६ टक्के.

‘दुखणं मोजता येत नाही.’

कळ किती तीव्र, हे ठरवायला कोणी बसलेलंच नाही. ओएचआयपी-१४ (ओरल हेल्थ इम्पॅक्ट प्रोफाइल) ही जगभर वापरली जाणारी प्रश्नावली विचारते ते ‘किती वेळा?’ जेवण अर्धवट सोडावं लागलं का, चारचौघांत लाज वाटली का, रोजचं काम अडलं का, असे १४ प्रश्न. ‘कधीच नाही’ला ० आणि ‘फार वेळा’ला ४, म्हणजे एकूण जास्तीत जास्त ५६. उपचाराआधी आणि नंतर विचारलं की फरक पडला की नाही ते कळतं. एवढाच तिचा दावा आहे.

‘हा दवाखान्यांचा धंदा.’

उलट आहे. मागच्या एकदोन दाढा नसूनही पुष्कळ लोक नीट जेवतात, हे अशाच प्रश्नांतून पुढे आलं. किती दात गेले याइतकंच कुठले गेले हेही महत्त्वाचं असतं. पेशंटच ‘काही अडत नाही’ म्हणाला, तर प्रत्येक फटीत इम्प्लांट विकणाऱ्याची पंचाईत होते.

‘परदेशी डॉक्टरांनी खोलीत बसून काढलेले प्रश्न.’

परदेशी हे खरं. खोलीत बसून काढलेले, हे खोटं. ओएचआयपीसाठी दक्षिण ऑस्ट्रेलियात दातांच्या ६४ पेशंटांना बोलतं केलं, त्यांच्या तोंडून आलेल्या ५३५ वाक्यांवरून ४९ प्रश्न निवडले, ते १९९४ साली प्रसिद्ध झाले. १४ प्रश्नांची छोटी आवृत्ती १९९७ची.

पण ते ६४ जण आपले नव्हते, आणि इथे मेसेज लिहिणाऱ्याशी माझं अर्धं जमतं. सोलापुरात एका घरात तेलुगू, शेजारी कन्नड, पलीकडच्या गल्लीत उर्दू. मराठी भाषांतर छापून वाटलं की सर्वेक्षण झालं, असं मानणारे मला मेसेजवाल्याइतकेच चुकीचे वाटतात. शिवाय माणूस त्रासाला सरावतो. वर्षानुवर्षं मिशरी लावणारी, भाकरी आमटीत कुस्करून खाणारी आजी ‘मला काई त्रास न्हाई’ म्हणते. ती खोटं बोलत नाही, पण दात हलायला लागलेले असतात. म्हणून विचारायचंही आणि तोंड उघडून बघायचंही.

आणि विचारायचं ते इथलं. बिडी वळणाऱ्या बाईला मजुरी हजार बिड्यांमागे मिळते. तिला ‘रोजचं काम अडलं का?’ असं मोघम विचारण्यापेक्षा ‘दाढ ठणकली त्या दिवशी किती बिड्या कमी झाल्या?’ असं विचारा, उत्तर लगेच मिळेल. कडक भाकरी मोडून खाता येते का, हा प्रश्नही त्यात घाला. बिडी कामगारांच्या वस्तीत दातांचं शिबिर लागेल तेव्हा हे दोन प्रश्न तपासणीच्या कागदावर सहज मावतील.