गढूळ पाण्यानं स्लॅब कच्चा पडत नाही

आठवडाभर आमच्याकडच्या ग्रुपांवर एक निरोप फिरतोय. म्हणणं असं: काँक्रीटला पिण्याचंच पाणी लागतं, मिक्सर धुतलेलं पाणी परत वापरलं तर स्लॅब कच्चा पडतो, खदानीतलं पाणी बिनकामाचं, म्हणून आरएमसी प्लँटला (तयार काँक्रीट बनवून गाडीनं पोचवणाऱ्या) आणि गिट्टी फोडणाऱ्या क्रशरला बोअर मारू द्या. बारा वर्षं प्लँटवर क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे, फोडण्यात गेली, त्यामुळे गप्प बसवेना.

‘पिण्याचंच पाणी लागतं.’ काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकात लिहिलंय की पिण्याजोगं पाणी सर्वसाधारणपणे चालतं. ‘चालतं’चं ‘तेच लागतं’ कोणी केलं, देव जाणे. पाण्याबद्दल शंका असेल तर त्या पाण्याचे किमान तीन क्यूब भरायचे आणि २८ दिवसांनी डिस्टिल्ड पाण्याच्या क्यूबांशी ताडायचे. सरासरी ताकद ९० टक्क्यांच्या खाली गेली नाही, तर ताकदीत पाणी पास. सेटिंगचा (माल घट्ट व्हायचा) वेळ, पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी याचं माप), क्षार, गाळ हे वेगळं तपासायचं. सळईच्या काँक्रीटला क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत हवं.

आणि बोअर कुठं मागताय? खारपाणपट्ट्यात, जिथं जमिनीखालचं पाणीच खारं! अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरकडचं बोअरचं पाणी ग्लासात नितळ दिसतं, जिभेवर घेतलं की कळतं. सळईला गंज चढवायला ते खारं पाणी पुरेसं आहे. गढूळपणा डोळ्यांना दिसतो, क्षार दिसत नाहीत, म्हणून सगळा राग गढूळ पाण्यावर.

‘धुवणाच्या पाण्यानं स्लॅब कच्चा पडतो.’ त्या पाण्यात असतं काय? सिमेंटची पूड, वाळू आणि विरघळलेला चुना. पीएच १२ च्या आसपास, म्हणजे काँक्रीटच्या पोटात असतो जवळपास तेवढाच. हे पाणी नाल्यात सोडलं तर मासे मरतात, हातांची साल निघते. पण तीन हौदांतून फिरवलं की पहिल्यात गिट्टी-वाळू बसते, दुसऱ्यात राखाडी लगदा, आणि तिसऱ्यातलं वरचं पाणी ताज्या पाण्यात मोजून मिसळता येतं. हौद वेळेवर उपसले नाहीत तर मात्र लगदाच मालात जातो. तो दोष फावडं न उचलणाऱ्याचा.

स्लॅब खरा कच्चा पडतो तो वेगळ्याच पाण्यानं. गाडी उन्हात तासभर उभी राहते, माल घट्ट होतो, वरून मिस्त्री ओरडतो, “पातळ कर बे!” ड्रायव्हर नळी ड्रममध्ये सोडतो. ते जादा पाणी पुढे उडून जातं आणि मागे बारीक छिद्रं ठेवतं. आमच्याकडे नापास झालेले बहुतेक क्यूब या नळीच्या चांगल्या, स्वच्छ पाण्याचे होते.

‘खदानीतलं पाणी बिनकामाचं.’ एक हेक्टरच्या खड्ड्यात मीटरभर पाणी म्हणजे १ कोटी लिटर, दहा हजारवाले १,००० टँकर. एका खदानीवर मी पाहिलंय: मागच्या बाजूला पंप खड्ड्यातलं पाणी नाल्यात फेकतोय आणि गेटवर धुळीवर मारायला विकतचा टँकर उभा. खदानीच्या पाण्यानं फवाऱ्याची नोजल तुंबतात म्हणे. मग जाळी लावा, साफ करा.

खर्चाचा बाऊही करू नका. हौद, पंप, पीएचच्या पट्ट्या. ड्रममध्ये थोडी गिट्टी आणि थोडं पाणी घालून फिरवलं की अर्धी धुलाई तिथंच होते, पाणीही कमी लागतं.

एवढं मात्र खरं की धुळीवर मारलेलं पाणी परत हाती लागत नाही, गिट्टीबरोबर जातं नाहीतर उन्हात उडतं. तिथं गिट्टी वाहून नेणारा पट्टा पत्र्यानं झाकून बारीक फवारा मारणं, एवढंच हातात आहे. आणि खदान भूजलाच्या पातळीखाली उतरली असेल, तर खड्ड्यातलं सगळंच पाणी पावसाचं नसतं. थोडंफार बाजूच्या विहिरीचंही असतं. ते उपसायचं तर आधी त्या विहिरीवाल्याशी बोला.